लेबलवर न दिसणारा साबण: साखरेची एक रिंग तेलालाच सर्फॅक्टंट कसं बनवते?

शाम्पू किंवा क्रीम विकत घेताना हल्ली आपण बाटली उलटी करतो, मागच्या घटकांच्या यादीचा फोटो काढतो आणि एखाद्या ॲपला विचारतो, "यात काय काय आहे रे बाबा?" ॲप एकेका नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका टाकतं. सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं की लाल. 'सल्फेट-फ्री' दिसलं की आपण खूश.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका पांढऱ्या क्रीमच्या यादीत तीनच नावं आहेत: पाणी, सोयाबीन तेल आणि अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन. ॲप तिन्हींना हिरवा ठिपका देईल. सर्फॅक्टंट, म्हणजे तेल आणि पाणी जोडणारा साबणासारखा पदार्थ, यादीत एकही नाही. तरी क्रीम एकजीव आहे. तेल वर येऊन तरंगत नाहीये. मग तेल-पाण्याला एकत्र धरलंय कुणी?

सर्फॅक्टंटनेच. फक्त तो कुणी बाहेरून ओतलेला नाही. यादीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नावाने मिळून तो डब्यातच तयार केलाय. ॲप एकेक नाव सुटं वाचतं, त्यामुळे ही जोडी त्याला दिसतच नाही. ही जोडी जमते कशी, तेच आज समजून घेऊया. आणि 'साखरेपासून बनलंय म्हणजे सेफच असणार' हे कुठे खरं आणि कुठे साफ खोटं, तेही बघू.

आधी पाच मिनिटांचा प्रयोग

तीन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. तिन्हींत अर्धा कप पाणी आणि दोन चमचे खाण्याचं तेल घाला. पहिलीत आणखी काही नको. दुसरीत चमचाभर साखर विरघळवा. तिसरीत भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका. तिन्हींची झाकणं घट्ट लावून अर्धा मिनिट जोरात हलवा, शेजारी-शेजारी ठेवा आणि फोन कशाला तरी टेकवून टाइम-लॅप्स चालू करा.

पहिल्या आणि दुसऱ्या बाटलीत तेल भराभर वर येऊन वेगळा थर करतं. तिसरीतलं पाणी बराच वेळ दुधाळ राहतं. दुधाळ का, तर तेलाचे असंख्य बारीक थेंब पाण्यात अडकून प्रकाश इकडेतिकडे उधळत असतात. अशा मिश्रणाला इमल्शन म्हणतात. दूध, मेयोनीज, बॉडी लोशन, ही सगळी इमल्शनच.

तिसऱ्या बाटलीतल्या लिक्विडमध्ये सर्फॅक्टंट असतो. त्याच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपूट असते. डोक्याचं पाण्याशी जमतं, शेपटीचं तेलाशी. म्हणून तो नेमका तेल आणि पाण्याच्या सीमेवर जाऊन बसतो, शेपूट तेलात आणि डोकं पाण्यात ठेवून. सगळ्या थेंबांभोवती अशी गर्दी झाली की थेंब एकमेकांत सहज मिसळू शकत नाहीत.

दुसरी बाटली मुद्दाम ठेवलीय. साधी साखर पाण्यात मस्त विरघळते, पण ती सगळीकडून पाणीप्रेमी आहे. तेलाला धरायला तिच्याकडे शेपूटच नाही. म्हणजे साखरेकडून साबणाचं काम होणार नाही, बरोबर? मेख इथेच आहे. साखरेला वेगळा आकार दिला की गणित बदलतं.

बांगडीचं माप

ग्लुकोजचे रेणू एकामागे एक जोडले की लांब साखळी बनते. मक्यातलं, बटाट्यातलं, तांदळातलं स्टार्च, म्हणजे पिष्ट, हे अशाच साखळ्यांचं असतं. काही जीवाणूंकडे एक विशिष्ट एन्झाइम आहे. ते या साखळीचा तुकडा कापतं आणि त्याची दोन टोकं एकमेकांना जोडून टाकतं. तयार होते एक बंद रिंग. हेच सायक्लोडेक्स्ट्रिन.

रिंगमध्ये ६ ग्लुकोज असतील तर अल्फा, ७ असतील तर बीटा, ८ असतील तर गॅमा. बांगड्यांच्या दुकानात 'दोन-चार', 'दोन-सहा', 'दोन-आठ' अशी मापं असतात ना, तसंच समजा. अल्फाच्या आतली मोकळी जागा साधारण ०.५ नॅनोमीटर, बीटाची ०.६ च्या थोडी पुढे आणि गॅमाची ०.८ च्या आसपास. उंची तिघींची सारखीच, साधारण ०.८ नॅनोमीटर. खरं तर आकार अगदी बांगडीसारखा सरळ नाही. एक तोंड जरा रुंद, दुसरं जरा अरुंद, बूड काढलेल्या बादलीसारखा. पण माप लक्षात ठेवायला बांगडी बरी.

गंमत आहे ती या बांगडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूत. ग्लुकोजचे पाणीप्रेमी गट दोन्ही काठांवर, बाहेरच्या दिशेने असतात. म्हणून रिंग पाण्यात विरघळते. आतली बाजू मात्र पाण्याला फारशी आवडत नाही, ती त्यामानाने तेलकट स्वभावाची आहे. आत पाण्याचे थोडे रेणू अडकलेले असतात, पण नाइलाजाने. मापात बसणारा एखादा तेलकट रेणू आला की पाण्याचे रेणू बाहेर पडतात आणि तो आत शिरतो. रसायनाचा पक्का बंध कुठेही होत नाही. नुसतं आत बसणं, म्हणून बाहेर पडणंही शक्य असतं. या जोडीला इन्क्लुजन कॉम्प्लेक्स म्हणतात. आपण 'आत बसलेली जोडी' म्हणू.

शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा रंग बघितलाय ना? तिथेही हेच चालू असतं. स्टार्चमधली सरळ साखळी स्प्रिंगसारखी पिळलेली असते आणि आयोडीन त्या स्प्रिंगच्या पोकळीत जाऊन बसतं. त्या स्प्रिंगच्या एका वेढ्यात साधारण ६ ग्लुकोज असतात. अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे जणू त्यातला एकच वेढा कापून बंद केलेला. सातवीतल्या प्रयोगाचीच ही पुढची पायरी.

ही रिंग नवीन शोध नाही बरं का. फ्रेंच शास्त्रज्ञ ए. व्हिलिए याने १८९१ साली पिष्टावर जीवाणूंचं काम चालू असताना थोडे स्फटिक मिळवले. १००० ग्रॅम पिष्टामागे जेमतेम ३ ग्रॅम. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ शार्डिंगरने ते कोणत्या जीवाणूमुळे बनतात हे शोधलं आणि अल्फा व बीटा वेगळे केले. हा माणूस मुळात अन्न खराब करणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास करत होता. आज एन्झाइम वेगळं काढून हे कारखान्यात टनावारी बनतं.

तेलाच्या काठावर काय घडतं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सोयाबीन तेलाचा रेणू तीन लांब शेपट्यांचा असतो. तिन्ही शेपट्या एका टोकाला बांधलेल्या. या शेपट्या म्हणजे फॅटी ॲसिडच्या साखळ्या, बहुतेक १८ कार्बनच्या. अशा साखळीची जाडी अर्ध्या नॅनोमीटरला थोडी कमी भरते. अल्फाच्या पोकळीचं माप आठवा: साधारण ०.५. हातात बांगडी चढावी तशी ही रिंग शेपटीवर चढते.

पण या दोघांची भेट होणार कुठे? रिंग पाण्यात राहते, तेलात जात नाही. तेल पाण्यात जात नाही. दोघं समोरासमोर येतात ते फक्त सीमेवर, म्हणजे थेंबाच्या पृष्ठभागावर. आपण मिश्रण जोरात घुसळतो तेव्हा ही सीमा प्रचंड वाढते, कारण एका मोठ्या थेंबाचे हजारो बारीक थेंब होतात. तेवढ्यात पाण्यातली रिंग काठावर आलेली एखादी शेपूट पकडते.

आता त्या रेणूकडे नीट बघा. एका शेपटीवर साखरेची रिंग चढलीय, ती बाजू पाण्यात खूश. उरलेल्या दोन शेपट्या तेलात आहेत, तिकडे त्या खूश. एका बाजूला पाणीप्रेमी डोकं, दुसऱ्या बाजूला तेलप्रेमी शेपूट. ही तर सर्फॅक्टंटची व्याख्याच झाली! दोन मिनिटांपूर्वी तो साधा तेलाचा रेणू होता. रिंगने त्याला डोकं दिलं.

मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत भारी वाटतो. नेहमीचा सर्फॅक्टंट कारखान्यात बनतो, मग पाण्यात टाकावा लागतो आणि मग तो सीमा शोधत फिरतो. इथे सर्फॅक्टंट सीमेवरच जन्मतो, आणि त्याचा कच्चा माल म्हणजे ज्याला पाण्यात मिसळायचं आहे तेच तेल. चोराच्याच हातात तिजोरीच्या किल्ल्या देऊन त्याला पहारेकरी नेमावं, तसा प्रकार.

तेलाच्या रेणूत थोडाफार पाणीप्रेमी भाग असलाच पाहिजे असंही नाही. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये टेट्राडेकेन घेऊन हेच दाखवलं. टेट्राडेकेन म्हणजे १४ कार्बनची नुसती सरळ साखळी, डिझेल-रॉकेलच्या कुळातली. तिच्यात पाण्याला आवडावं असं काही म्हणजे काहीच नाही. तरी पाण्यात सायक्लोडेक्स्ट्रिन घालून घुसळल्यावर टिकाऊ इमल्शन तयार झालं, वेगळा सर्फॅक्टंट न टाकता.

मग थेंबाला चिलखत चढतं

इथपर्यंतची गोष्ट साबणासारखी आहे. पण ती इथे थांबत नाही, आणि टिकाऊपणाचं गुपित पुढच्या भागात आहे.

१८ कार्बनची शेपूट ताणली तर दोन नॅनोमीटरहून लांब भरते. रिंगची उंची ०.८. म्हणजे एका शेपटीवर एकापेक्षा जास्त बांगड्या सहज मावतात. बांगड्या वाढत गेल्या की शेपूट झाकली जाते, आणि अशा झाकलेल्या जोड्या एकमेकींना चिकटून रांगेत बसू लागतात. त्यांचे बारीक घन स्फटिक बनतात, पाण्यात न विरघळणारे. मायक्रोस्कोपखाली ते कुठे काड्यांसारखे दिसतात, कुठे चपट्या पापुद्र्यांसारखे. हे स्फटिक थेंबाच्या पृष्ठभागावरच बसतात. थेंबाभोवती कवच तयार होतं.

घन कणांनी धरून ठेवलेल्या अशा इमल्शनला पिकरिंग इमल्शन म्हणतात. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एस. यू. पिकरिंग याने १९०७ मध्ये त्यावर लिहिलं होतं. खरं तर डब्ल्यू. रॅम्सडेनने १९०३ मध्येच हा प्रकार पाहिला होता, पण नाव पिकरिंगचं पडलं. असो.

कण आणि साबणाचा रेणू यांच्यात फरक किती? साबणाचा रेणू सीमेवर बसतो, उठतो, पुन्हा बसतो. लोकलमधल्या चौथ्या सीटवरच्या माणसासारखा, केव्हा उठावं लागेल सांगता येत नाही. रेणूंची नेहमीची उष्णतेची धडपडच त्याला उठवायला पुरते. घन कणाचं तसं नाही. १०० नॅनोमीटर त्रिज्येचा कण सीमेवर व्यवस्थित बसला असेल, तर त्याला तिथून ओढून काढायला लागणारी ऊर्जा त्या नेहमीच्या उष्णतेच्या धडपडीच्या काही लाख पट येते. एकदा बसला की बसला.

म्हणून 'हा सर्फॅक्टंट आहे की कणांचं चिलखत' असं विचारलं तर उत्तर 'दोन्ही' असं द्यावं लागतं. आधी अर्धवट झाकलेले रेणू सीमेवर सर्फॅक्टंटसारखे वागतात आणि थेंब बारीक व्हायला मदत करतात. मग स्फटिक येऊन पहारा पक्का करतात.

फ्रान्समधल्या औषधनिर्माण संशोधकांनी याच चिलखताचा वेगळाच उपयोग केला. त्यांनी जोरात घुसळलंच नाही. पाणी, सोयाबीन तेल आणि अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन एकत्र करून साधारण अडीच दिवस हळूहळू हलवत ठेवलं. तयार झाले दीड-दोन मिलिमीटरचे गोल मणी, साबुदाण्यासारखे डोळ्यांना दिसणारे. आत बहुतेक तेलच. ना साबण, ना जिलेटिनची कॅप्सूल, ना कोणतं सॉल्व्हंट. तेलात विरघळणारं औषध या मण्यांत भरून पोटात पाठवता येईल का, यावर मग बरंच काम झालं.

हीच रिंग साबणाला निकामीही करते

आता एक उलटी गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं पक्कं डोक्यात बसेल.

सायक्लोडेक्स्ट्रिन विरघळलेल्या पाण्यात सोडियम लॉरिल सल्फेट टाकलं तर काय होईल? सर्फॅक्टंट अधिक सर्फॅक्टंट, म्हणजे डबल पॉवर? नाही. त्या सल्फेटची शेपूट १२ कार्बनची सरळ साखळी आहे, मापात अगदी बसणारी. रिंग तिच्यावर चढते. डोकं आधीच पाणीप्रेमी होतं, आता शेपूटही साखरेने झाकली गेली. तो रेणू पूर्ण पाणीप्रेमी झाला, सीमेवर जाण्याचं त्याला कारणच उरलं नाही. जेवढ्या रिंगा, जवळपास तेवढे साबणाचे रेणू बाद. फेस आणायचा असेल तर तेवढं लिक्विड जास्त ओतावं लागेल.

प्रयोगशाळेत याचा फायदा घेतात. प्रोटीनला चिकटलेला डिटर्जंट काढून टाकायचा असेल तर सायक्लोडेक्स्ट्रिन टाकतात, रिंगा तो ओढून घेतात आणि प्रोटीन मोकळं होऊन पुन्हा आपल्या आकारात घडी घालू शकतं.

म्हणजे ज्याला डोकं नाही त्याला रिंग डोकं देते, आणि ज्याला आधीच डोकं आहे त्याची शेपूट काढून घेते. 'सायक्लोडेक्स्ट्रिन हा सर्फॅक्टंट आहे का?' या प्रश्नाला म्हणूनच एका शब्दात उत्तर नाही. सोबत कोण आहे यावर सगळं ठरतं.

याचाच दुसरा अर्थ असा की हे इमल्शन मोडताही येतं. तेलापेक्षा जास्त घट्ट बसणारा दुसरा पाहुणा आला तर रिंग तेलाला सोडून त्याच्याकडे जाऊ शकते. गरम केलं तर जोडी सैल होते. क्रीम किंवा सॉस बनवणाऱ्याला ही डोकेदुखी आहे: यात सुगंधी तेल टाकलं, मेंथॉल टाकलं, तर ते रिंगच्या आतली जागा पटकावून बसू शकतं. औषध बनवणाऱ्याला मात्र हीच गोष्ट हवी असते, कारण औषध कधीतरी बाहेर यायलाच हवं ना.

"साखरच आहे, मग काय होतंय?"

आता सेफ्टीचा मुद्दा. इथे रील्सवर सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो. 'साखरेपासून, वनस्पतीपासून, साबणाशिवाय' असं म्हटलं की विषय संपला असं लोकांना वाटतं.

खाण्याच्या बाबतीत चित्र बऱ्यापैकी चांगलं आहे. अल्फा आणि बीटा लहान आतड्यात फारशा पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांना आंबवतात, फायबरसारखं. गॅमा मात्र साध्या पिष्टासारखी पचून जाते. तरी तिघींना एकच नियम नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने बीटासाठी रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम ठेवलीय. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम. अल्फासाठी असा आकडा ठरवायची गरज समितीला वाटली नाही. नाव तेच, एका ग्लुकोजचा फरक, आणि नियम वेगळा.

रक्तात थेट द्यायचं झालं तर फरक आणखी मोठा. साधी बीटा पाण्यात कमी विरघळते: २५ अंश सेल्सिअसला १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम १.८५ ग्रॅम. अल्फा त्याच पाण्यात साधारण १४.५ ग्रॅम विरघळते. साधी बीटा इंजेक्शनमधून दिली तर मूत्रपिंडाला इजा होते, म्हणून ती इंजेक्शनमध्ये वापरत नाहीत. शिवाय बीटाच्या पोकळीत कोलेस्टेरॉल छान बसतं. हा गुण वापरून अंड्यातलं आणि दुधातलं कोलेस्टेरॉल काढता येतं. पण आपल्या पेशींच्या आवरणातही कोलेस्टेरॉल असतं! मिथाइल गट लावलेली बीटा जास्त प्रमाणात तांबड्या पेशींवर टाकली तर ती आवरणातलं कोलेस्टेरॉल ओढून घेते आणि पेशी फुटतात. साखर आहे, वनस्पतीपासूनच आहे, तरीही.

मग रसायनशास्त्रज्ञांनी बीटाला बाहेरून वेगळे गट लावून ती इंजेक्शनला योग्य केली. त्यातली एक तुमच्या-माझ्या ओळखीच्या कुणाला तरी दिली गेलेली असू शकते. २०२१ मध्ये ज्या रेमडेसिव्हिरसाठी लोक रात्री-रात्री मेडिकलबाहेर रांगा लावत होते, ते औषध पाण्यात नीट विरघळत नाही. गिलियड कंपनीच्या मूळ भुकटीच्या कुपीत १०० मिलिग्रॅम औषधासोबत ३ ग्रॅम बदललेली बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन होती. औषधाच्या तीसपट! इथे तिचं काम सर्फॅक्टंट बनवण्याचं नव्हतं, औषधाला कुशीत घेऊन पाण्यात उतरवायचं होतं. ही रिंग मूत्रपिंडातून बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड फार कमजोर असलेल्यांना हे औषध देऊ नये असा सल्ला आधी होता. पुढे माहिती जमली आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती अट काढली.

हा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. विरघळवायला सर्फॅक्टंट का नाही वापरायचा? वापरतात, पण त्याची किंमत असते. कॅन्सरवरचं पॅक्लिटॅक्सेल बरीच वर्षं एरंडेलापासून बनवलेल्या एका सर्फॅक्टंटमध्ये विरघळवून दिलं जातंय. त्या सर्फॅक्टंटमुळे काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी येते, म्हणून आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीची औषधं द्यावी लागतात. 'नेहमीच्या सर्फॅक्टंटशिवाय' हा शब्द क्रीमच्या जाहिरातीत हौसेचा असेल, पण हॉस्पिटलमध्ये त्याला वजन आहे.

मेयोनीज आणि 'चरबी पकडणारी' पावडर

अंडं न घालता मेयोनीज करायचं तर अंड्यातल्या लेसिथिनच्या जागी काहीतरी हवं. अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन पाण्यात विरघळवून, जोरात घुसळत तेलाची धार सोडली की दाट पांढरं इमल्शन मिळतं. जर्मनीची वॅकर कंपनी याच कामासाठी ती विकते. चवीत फरक पडत नाही, शाकाहारी आहे, आणि ॲलर्जीचा प्रश्न कमी. घरी करून बघायचा मोह आवरा. किराणा दुकानात ही मिळत नाही आणि लॅबसाठी विकली जाणारी पावडर खायची नसते.

दुसरीकडे, हीच अल्फा 'फॅट ब्लॉकर' म्हणून गोळ्यांमध्ये विकली जाते. दावा असा असतो की १ ग्रॅम पावडर ९ ग्रॅम चरबी पकडते. आता तुम्हाला रसायन कळलंय, तर हिशोब करून बघा. अल्फाच्या एका रेणूचं वजन ९७२, तेलाच्या एका रेणूचं साधारण ८८०. एका रिंगेने एकच तेलाचा रेणू धरला तर १ ग्रॅमला ०.९ ग्रॅम तेल. नऊ नाही, शून्य दशांश नऊ! मग दहापट कुठून आलं? थेंबाच्या कवचातून. रिंगा फक्त पृष्ठभाग झाकतात, आतलं तेल मोकळंच असतं, तरी सगळा थेंब 'पकडला' असं मोजलं जातं. म्हणजे आकडा रसायनाच्या दृष्टीने अशक्य नाही. पण कवचात गुंडाळलेलं तेल आणि शरीरात न गेलेलं तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते कवच आतड्यातल्या पित्तापुढे किती टिकतं, यावर सगळं अवलंबून. आणि पित्त म्हणजे काय? शरीराचा स्वतःचा सर्फॅक्टंट, रिंगेत बसू शकणारा.

पुढच्या वेळी लेबल स्कॅन कराल तेव्हा

खाण्याच्या पाकिटावर हे नाव क्वचित पूर्ण लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा नंबर असतो. आयएनएस ४५७ म्हणजे अल्फा, ४५८ म्हणजे गॅमा, ४५९ म्हणजे बीटा. नंबरांचा क्रम ग्लुकोजच्या संख्येप्रमाणे नाही, त्यामुळे घोळ होऊ शकतो. रोजच्या मर्यादेचा आकडा आहे तो ४५९ ला. कपड्यांवर मारायच्या वासनाशक स्प्रेमध्ये, उदाहरणार्थ फेब्रीझमध्ये, बीटाचा बदललेला प्रकार असतो. तिथे आत बसतो तो घामाचा किंवा सिगारेटचा वास देणारा रेणू. वेदनाशामक गोळ्यांच्या स्ट्रिपवर औषधाच्या नावापुढे 'बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन' जोडलेलं दिसलं तर ते औषध रिंगेत बसवून दिलंय असं समजा.

आणि क्रीमवर 'सर्फॅक्टंट-फ्री' लिहिलेलं असेल, तर यादीत तेलाच्या शेजारी सायक्लोडेक्स्ट्रिन आहे का ते बघा. असेल, तर लिहिणाऱ्याने खोटं लिहिलेलं नाही. त्याने सर्फॅक्टंट टाकला नव्हता. मिक्सर सुरू केला तेव्हा तो तयार झाला.